खडू

उद्यमनगरात एकतीस वर्षं चेकर होतो मी.
कास्टिंग उचलायचं, टिचकी मारायची,
खणखणीत वाजलं तर जाऊ द्यायचं,
बद्द वाजलं की खडूनं फुली.
फुलीवर अपील नसे. मालकाचंसुद्धा.
रिटायर झालो तरी बोटाची खोड गेली नाही;
शालन म्हणते, बाजारात तरी हात खिशात ठेवा.

तर राजारामपुरीतलं पुस्तक, साडेतीनशे रुपये.
मोठी माणसं पहाटे चारला उठतात, असं लिहिलंय.
मीही उठायचो, पहिल्या पाळीला. लेखकाला कुणीतरी कळवा.
पान चौसष्टनंतर थेट एक्याऐंशी.
दुकानदार बदलून देत होता, मीच नको म्हटलं.
जी सोळा पानं नाहीत, त्यांच्यावरच जरा भरवसा आहे.

बिंदू चौकातल्या रद्दीवाल्याकडची कादंबरी, वीस रुपये.
हिला शेवटचं पान नव्हतं.
शालननं शेंगा फोडता फोडता तीन शेवट सांगितले,
तिसऱ्यात खुनी सुटतो
आणि गगनबावड्याला चहाची टपरी टाकतो.
वीस रुपयांत एवढं मिळत नाही कुठं.

गाण्यांचं म्हणाल तर
नातीनं आणलेला डबा, म्हणे पाच हजार गाणी आत.
पंगतीत वाढपी धावत सुटावा तसा,
एक पानात पडतंय तोवर दुसरं.
बास असा की कपाटातली ताटं आपोआप बोलतात.
त्यापेक्षा महाद्वार रोडची ती कॅसेट.
टेपचा बेल्ट सैल होत गेला
आणि गाणारी बाई दोन वर्षांत हळूहळू पुरुष झाली.
फुली मारणारच होतो. पण शालन
अजून त्याच सैल पट्टीत गुणगुणते;
मूळ गाणं परवा कुणाच्या तरी लग्नात लागलं तर म्हणाली,
"ही बाई एवढी घाईत का?"

टीव्ही चार झाले.
पहिला शटरवाला. चित्रापेक्षा मुंग्या जास्त,
गल्ली भरून बसायची, तक्रार कुणाचीच नव्हती.
दुसऱ्यात सगळे पिवळट, घराण्याला कावीळ झाल्यासारखे.
तिसरा पुरात गेला.
कुंभार गल्लीत छातीएवढं पाणी, आम्ही माडीवर, तो खाली.
ओसरल्यावर मागचं झाकण काढलं,
तर आत गाळ बसलेला, सारवल्यागत गुळगुळीत.
सादिक बागवान म्हणाला,
"काका, एवढं फिनिशिंग कंपनीनं पण दिलं नव्हतं."
हसलो. मग कितीतरी वेळ कोण बोललं नाही.

चौथा पंचावन्न इंची.
बातम्या देणाऱ्याच्या दाढीतला राहिलेला केस दिसतो.
मला तो बघायचा नव्हता.
डोळा लागला की विचारतो, अजून बघताय का?
हे विचारायला घरात एक माणूस आहे म्हटलं, तू गप बस.

कॅरम. हा खरा मुद्दा,
एवढ्यासाठीच बाकीचं सांगत बसलो.
त्याच पुरात भिजला, वाळला, मधोमध फुगला.
सोंगटी सरळ मारली की खिडकीकडच्या कोपऱ्याला वळते.
मी त्याच दिवशी पाठीवर फुली मारली, ठसठशीत.
नात, स्वरांगी, तशीच खेळायला बसली.
आता आम्हा तिघांना ते वळण पाठ आहे;
पाहुणे हरतात, चष्मा पुसतात, पुन्हा हरतात.
सांगलीचे व्याही तर बोर्ड बदला म्हणून हटून बसले.
नाही बदलणार.

काल शोरूममधून पोरीचा फोन, सर, पाचपैकी किती स्टार?
म्हटलं, बाई, चेकरकडं पास आणि फुली, दोनच.
आणि आजकाल मला त्यातलंसुद्धा...
तिला पुढचा फोन होता.

संध्याकाळी कॅरमची पावडर संपली.
कपाटात कारखान्यातला खडू निघाला, अर्धा, शेवटचा.
लाटण्यानं कुटला, फडक्यातून गाळला, टाकला बोर्डावर.
पावडर बरी आहे.
थोडी जाडसर.